‘मी काही करत नाही, घरीच असते’: घरातल्या एका प्रश्नाचा अभ्यास कसा करायचा

आमच्या वाचनालयाच्या सभासद अर्जात नाव-पत्त्याखाली ‘व्यवसाय’ असा एक रकाना आहे. गेल्या श्रावणात एक काकू अर्ज भरायला आल्या. नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि त्या रकान्यापाशी पेन अडलं. मला म्हणाल्या, “इथे काय लिहू? मी काही करत नाही, घरीच असते.” बोलताना त्यांचं अर्धं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं, कारण साडेअकराला नातू बालवाडीतून सुटणार होता. पायाशी गिरणीतून आणलेल्या दळणाचा डबा, खांद्याला भाजीची पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. रकान्यात त्यांनी शेवटी एक आडवी रेघ मारली आणि डबा उचलून निघाल्या.

आम्ही आठ-दहा जण दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात वाचायला बसतो. एक काका बँकेतून निवृत्त झालेले, एक अंगणवाडी ताई, बी.ए. करणाऱ्या दोन मुली, एक किराणा दुकानदार, मी आणि जमेल तसे येणारे आणखी काही. त्या शनिवारी मी ही रेघ सगळ्यांना सांगितली आणि पुढचे चार महिने आम्ही तिच्यातच गुंतलो. आमच्यात प्राध्यापक कुणीही नाही. तरीही अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांतली दोन-चार हत्यारं आम्हाला नीट वापरता आली आणि रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट पहिल्यांदा दिसली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून विद्वानांचे विषय मराठीतून सर्वांपुढे मांडण्याची आपल्याकडे रीत आहे. ऐकणाऱ्याने आता स्वतः मोजूनही बघावं, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला तुमच्या गावात, सोसायटीत किंवा महिला मंडळात हे करायचं असेल तर कसं करावं, कुठे ठेच लागते, ते सांगते.

प्रश्न एवढा लहान करा की तो दहा घरांत मावेल

पहिल्या बैठकीत आमच्यापुढे प्रश्न आला तो असा: समाजात बाईच्या कामाला किंमत का नाही? दीड तास सगळे तावातावाने बोलले. घरी जाताना लक्षात आलं की ज्याचं जे मत येताना होतं, तेच घेऊन तो परत चालला होता. प्रश्न मोठा असला की असंच होतं. त्यावर फक्त बोलता येतं, त्याचं काही करता येत नाही.

मग काकांनी सुचवलं की प्रश्न असा करू, ज्याचं उत्तर आकड्यात किंवा ‘हो-नाही’त येईल. ‘किंमत’ बाजूला ठेवली. ‘समाज’ काढून ‘आपली गल्ली’ घातली. ‘बाई’च्या जागी ‘घरातलं प्रत्येक मोठं माणूस’ आलं. उरलेला प्रश्न फळ्यावर लिहिला: आपल्या गल्लीतल्या दहा घरांत, एका साध्या दिवशी, घरकामाला कोण किती मिनिटं देतं? जागा, माणसं, दिवस आणि मोजायची गोष्ट, चारही त्यात आहेत. तुमचा प्रश्न वेगळा असेल. पाणी कोण भरतं, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात कोण नेतं, मुलांच्या शाळेच्या सभेला कोण जातं. या चार गोष्टी त्यात आल्या आहेत का, एवढं तपासा. एखादी सुटली असेल तर मोजणीच्या दिवशी ती हमखास आडवी येते.

मोजण्याआधी शब्द पक्का करा

घरकाम म्हणजे काय? हा प्रश्न विचारल्यावर सगळे हसले, आणि दहा मिनिटांत वाद पेटला. स्वयंपाक हे काम, हे सगळ्यांना मान्य. देवपूजा? मुलाचा अभ्यास घेणं? शेजारणीशी बोलत बोलत मेथी निवडणं? नवऱ्याने स्कूटर पुसणं?

इथे एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी आमची सोडवणूक केली. मार्गारेट रीड यांनी १९३४ साली एक सोपी कसोटी मांडली, तिला तिसऱ्या माणसाची कसोटी म्हणतात. जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येतं, ते काम. जे स्वतःच करावं लागतं, ते काम नाही. जेवण माझ्या वतीने दुसरं कुणी जेवू शकत नाही, म्हणून जेवणं हे काम नाही. पण ते जेवण शिजवायला बाई ठेवता येते, डबा लावता येतो, म्हणून शिजवणं हे काम. अंघोळ माझी मलाच करावी लागते. नातवाला अंघोळ घालायला मात्र माणूस ठेवता येतं. मुलाचा अभ्यास घेणं हे काम आहे, याला शिकवणीच्या फीची पावती साक्ष आहे.

या एका कसोटीने आमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी जागच्या जागी बसल्या. मेथी निवडणं कामात गेलं, गप्पा सोबतच्या म्हणून दुसऱ्या रकान्यात गेल्या. स्कूटर पुसणंही कामात गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. देवपूजेवर एकमत झालं नाही, तेव्हा ती वेगळी मोजायची असं ठरलं आणि तसं वहीत लिहून ठेवलं. हे लिहून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. नियम तोंडी राहिला तर पहिल्या घरात एक लागतो आणि सातव्या घरात दुसरा, आणि सगळी मेहनत वाया जाते.

या कसोटीला मर्यादाही आहे. गॅस कधी संपेल, फी कधी भरायची, सासऱ्यांची गोळी उरली किती, हे सगळं डोक्यात घेऊन फिरणं तिसऱ्या माणसाला देताच येत नाही, आणि घड्याळातही मावत नाही. मूल झोपलेलं असतं, बाई रिकामी दिसते, पण तिला घर सोडून जाता येत नाही. अशा गोष्टींसाठी तक्त्याच्या तळाशी मोकळी जागा ठेवा आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत त्या लिहून घ्या.

आधी कुणी मोजलंय का, ते बघा

बहुतेक वेळा कुणीतरी मोजलेलं असतं. आपल्या देशात १९७०च्या दशकात देवकी जैन यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत माणसांचा दिवस तासातासाने नोंदवला, आणि सरकारी दप्तरात ‘काम न करणाऱ्या’ म्हणून लागलेल्या कितीतरी बाया दिवसभर राबतात हे पुढे आणलं. १९९८-९९ मध्ये सरकारने सहा राज्यांत प्रायोगिक सर्वेक्षण केलं. त्यात आपले शेजारी गुजरात आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. देशभराचं पहिलं वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं आणि दुसरं २०२४ मध्ये. दोन्हींचे अहवाल सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड आहे, पण घाबरू नका. पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. आम्ही तसं केलं आणि दोन शनिवार हातचे घालवले. आधी सारांश वाचा, मग एकच तक्ता निवडा आणि त्याचा मथळा, रकान्यांची नावं आणि खालच्या बारीक टिपा वाचा. आकडे सगळ्यात शेवटी. टिपा का वाचायच्या, ते आमच्या अनुभवावरून सांगते.

२०१९च्या सर्वेक्षणात ६ वर्षांवरच्या बायका घरातल्यांसाठीच्या बिनपगारी घरकामाला दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असा आकडा आहे. वर्तमानपत्रांतही हाच गाजला. आमचे दुकानदार म्हणाले, “म्हणजे पुरुषही दीड तास करतातच की.” वाचून सगळ्यांना तसंच वाटलं. मग बी.ए.च्या मुलींपैकी एकीने मथळ्यातला एक शब्द दाखवला: ‘सहभागी’. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या माणसांची आहे. ज्यांनी कशालाच हात लावला नाही, ते या हिशोबात धरलेलेच नाहीत. शेजारच्या तक्त्यात सहभागींचं प्रमाण मिळालं: बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के.

आता गुणाकार करा. १०० पुरुषांपैकी २६ जणांनी काम केलं, प्रत्येकाने ९७ मिनिटं. ती मिनिटं सगळ्या १०० जणांत वाटली तर वाट्याला येतात सुमारे २५ मिनिटं. बायकांचं तसंच केलं तर येतात सुमारे २४३. एका आकड्यात तिप्पट दिसणारं अंतर दुसऱ्या आकड्यात जवळजवळ दसपट होतं, आणि दोन्ही आकडे खरे आहेत. फळ्यावरचा हा गुणाकार मी विसरणार नाही. त्यात अवघड काहीच नव्हतं, आठवीतलं गणित होतं, पण तो मांडून झाल्यावर खोलीत कुणी बोलेना.

असाच दुसरा घोळ २०२४च्या आकड्यांत झाला. एकाने वाचलेल्या बातमीत बायकांची २८९ मिनिटं होती, दुसऱ्याच्या बातमीत ३०५. कुणाचं खरं? दोघांचंही. दोन्ही आकडे सहभागी बायकांचेच, पण २८९ हा ६ वर्षांवरच्या बायकांचा, ३०५ हा १५ ते ५९ वयाच्या बायकांचा. पहिल्यात शाळकरी मुली आणि थकलेल्या आज्या धरल्या आहेत, म्हणून तो कमी. कुठलाही आकडा हाती आला की चार गोष्टी विचारायची सवय लावून घ्या: कुणाचा, किती वयाच्या माणसांचा, कुठल्या वर्षाचा आणि कितीतून काढलेला.

संज्ञा अडल्या तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर आहे, आणि स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश बऱ्याच जुन्या वाचनालयांत कपाटात पडून असतो, तो काढून घ्या. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांतले प्रबंध मोफत वाचता येतात, त्यात मराठीतलेही आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर समाजशास्त्राचे अभ्यासक्रम विनाशुल्क ऐकता येतात. हाच विषय पुढे वाचायचा असेल तर मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात १९७४ पासून स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र आहे. आमच्याकडे इंग्रजी कमी असलेल्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येकाने एकच पान घ्यायचं, आठवडाभर शब्दकोशाशी झटायचं आणि शनिवारी ते पान आपल्या घरच्या उदाहरणाने मराठीत सांगायचं. अंगणवाडी ताईंनी सरासरीचं पान खिचडीच्या वाटपावरून समजावलं, त्याहून चांगलं मी कुठे ऐकलं नाही.

तक्ता करा आणि घरोघर जा

आमचा पहिला प्रयत्न पार फसला. आम्ही घरात जाऊन विचारलं, “काल दिवसभर काय काय केलंत?” उत्तर आलं, “काय करणार? रोजचंच.” आडवी रेघच ती, फक्त तोंडी.

मग सरकारी सर्वेक्षणाची पद्धत उचलली. त्यात दिवस पहाटे ४ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ४ला संपतो, आणि त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे टप्पे पाडलेले असतात. म्हणजे ४८ ओळी. मध्यरात्रीऐवजी पहाट का, ते आमच्या गल्लीत लगेच कळतं, कारण नळाला पाणी पाच-वीसला येतं आणि त्याआधी उठून हंडे रिकामे करून ठेवावे लागतात. प्रत्येक ओळीला तीन रकाने ठेवा: काय केलं, त्याच वेळी दुसरं काय चालू होतं, आणि कुणासाठी. साध्या कागदावर दोन्ही बाजूंनी मावतं.

विचारायची पद्धतही बदला. “काय केलंत?” असं मोघम न विचारता दिवसाच्या कडेकडेने चाला. “जाग कधी आली? उठल्यावर पहिल्यांदा कुठे गेलात? मग? तेव्हा बाकीचे उठले होते का?” पाणी, दूधवाला, शाळेची रिक्षा, मालिका या खुणांना धरून माणसाला वेळ बरोबर आठवते. एका ताईंच्या तक्त्यातल्या सकाळच्या या चार ओळी बघा.

साडेसहा ते सात: पोळ्या. त्याच वेळी कुकर लावलेला, मुलीची वेणी. सात ते साडेसात: दोन डबे भरले. त्याच वेळी सासूबाईंना चहा, पाठांतर ऐकलं. साडेसात ते आठ: मुलीला रिक्षापर्यंत सोडलं, येताना दूध आणि कोथिंबीर. आठ ते साडेआठ: स्वतःचा चहा. त्याच वेळी नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावलं.

चौथ्या ओळीवर मी लिहिता लिहिता थांबले. ताई स्वतःच म्हणाल्या, “चहा लिहू नका, तो गारच झाला होता.” दुसरा रकाना नसता तर हा अर्धा तास विश्रांतीत गेला असता. म्हणून दुसरा रकाना कधीही गाळू नका. वेळ मात्र एकदाच मोजा, मुख्य कामाखाली, नाहीतर दिवस तीस तासांचा होतो. मुख्य काम कुठलं, ते सांगणाऱ्यालाच ठरवू द्या.

काही पथ्यं पाळाच. कालच्या दिवसाबद्दलच विचारा, परवाचं माणूस विसरतं. सणाचा, लग्नाचा, पाहुण्यांचा दिवस आला तर तशी खूण करून तो वेगळा ठेवा. गणपतीच्या आठवड्यात मोजणी नको. एका माणसाच्या दिवसाबद्दल त्याच माणसाला विचारा. आम्ही दोन घरांत दोघांसमोर एकत्र विचारलं आणि बाईच्या दिवसाची उत्तरं नवरा देत गेला. तो प्रेमानेच सांगत होता, पण दुपारी दोन ते पाच त्याने ‘आराम’ सांगितला आणि त्या वेळी ती धान्य वाळवून चाळत होती. ते दोन तक्ते पुन्हा भरावे लागले.

याहून मोठं पथ्य परवानगीचं. कशासाठी विचारतोय, कागदाचं पुढे काय होणार, हे आधी सांगा. तक्त्यावर नाव लिहू नका, फक्त आकडा. नवऱ्याचा तक्ता बायकोला आणि सुनेचा सासूला दाखवायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. एखादी बाई दिवस सांगता सांगता वेगळंच काही सांगू लागली, मारहाणीचं, त्रासाचं, तर पेन खाली ठेवा आणि ऐका. ते आपल्या अभ्यासासाठी नाही. १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक तिला माहीत आहे का, एवढं हळूच विचारा.

हिशोब

यात फार अडकू नका. प्रत्येक तक्त्यातली घरकामाची मिनिटं बेरीज करून एका पानावर उतरवा. मग सरासरीबरोबर मधला आकडाही काढा. समजा पाच पुरुषांची मिनिटं ०, ०, १०, २०, १५० अशी आली. सरासरी ३६ येते आणि वाटतं की पुरुष अर्धा-पाऊण तास हातभार लावतात. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर तो १०. एकाच गड्याने सगळ्यांची सरासरी वर उचलली आहे. घरं थोडी असतात तेव्हा मधला आकडा जास्त खरं सांगतो. आणि दहा घरांवरून महाराष्ट्राबद्दल बोलायचं नाही. देशाचं सर्वेक्षण सुमारे १ लाख ३९ हजार घरांत जातं, तेव्हा त्याला तसं बोलता येतं. आपली दहा घरं आपल्या गल्लीपुरती, पण ती आपण आत बसून पाहिलेली असतात.

आता ‘असं का?’ विचारा

इथे अभ्यासाची खरी गोडी लागते. घरकामाची वाटणी अशी का, याची समाजशास्त्रात साधारण तीन उत्तरं दिली जातात. एक वेळेचं: जो बाहेर कमी वेळ असतो, तो घरात जास्त करतो. दुसरं कमाईचं: जो जास्त पैसे आणतो, त्याला घरकामातून सुटका मिळते. तिसरं रीतीचं: पैसा आणि वेळ काहीही असो, हे काम बाईचं आणि ते पुरुषाचं, असं दोघांनीही लहानपणापासून धरलेलं असतं. तीनपैकी आवडतं उत्तर निवडू नका. आपल्या तक्त्यांना विचारा. वेळेचं किंवा कमाईचं उत्तर पुरेसं असेल, तर जिथे दोघंही कमावतात तिथे वाटणी बरीच समान दिसायला हवी.

आमच्या दहापैकी तीन घरांत दोघंही नोकरी करतात. त्या तिघींची घरकामाची मिनिटं इतरांपेक्षा खरोखर कमी निघाली. नवऱ्यांची मात्र त्या मानाने वाढलेली नव्हती. मग मधली मिनिटं गेली कुठे? दोन घरांत ती सासूबाईंच्या तक्त्यात सापडली. बासष्ट वर्षांच्या एक आजी तर सुनेपेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या. तिसऱ्या घरातली मिनिटं कुठल्याच तक्त्यात नव्हती, कारण ती धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंकडे गेली होती, आणि त्यांना आम्ही घरातलं माणूस म्हणून मोजलंच नव्हतं.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. अकरावा तक्ता त्यांचा. सकाळी सहा ते बारा, चार घरांची भांडी, फरशी, कपडे. हे सगळं ‘नोकरी’ या रकान्यात गेलं, कारण त्याचे महिन्याला पैसे मिळतात. साडेबाराला त्या घरी पोचल्या आणि पुढची ओळ होती: भांडी घासली. तीच भांडी, तोच काथ्या, तेच हात, पण उंबरा ओलांडल्याबरोबर ती मिनिटं पगारातून बिनपगारी रकान्यात आली. रीड बाईंची कसोटी कागदावर वाचली तेव्हा कळली होती. त्या मोरीपाशी ती नीट समजली. तिसरं माणूस म्हणजे हीच बाई, आणि तिच्या घरी तिसरं माणूस कुणी नाही.

यानंतर वाचन आपोआप पुढे सरकतं. राष्ट्रीय उत्पन्नात हे काम धरतात का, म्हणून शोधलं. घरच्या गाईचं दूध घरीच प्यायलं तरी ते उत्पादनात मोजायचा नियम आहे. ते दूध तापवणं, लेकराला पाजणं मात्र धरत नाहीत, कारण घरातल्यांसाठी घरच्याच माणसाने बिनपगारी केलेली सेवा उत्पन्नाच्या हिशोबाबाहेर ठेवलेली आहे. जनगणनेत काय? २०११च्या गणनेत ज्यांचं काम फक्त घरकाम, त्यांची नोंद ‘काम न करणारे’ अशी झाली. काकूंची आडवी रेघ तिथे आम्हाला छापलेली सापडली.

न्यायालयाने मात्र वेगळी वाट धरलेली दिसते. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मधल्या निकालात, त्या आगीत मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या सेवेचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी याच वेळ-वापर सर्वेक्षणातले २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडे दिले. आमच्या फळ्यावरचे आकडे निकालपत्रात बघून दुकानदार दोनदा खात्री करून आले. निकालपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाचता येतात, आणि त्यांची भाषा अहवालापेक्षा पुष्कळ सोपी असते. इतके दिवस कायद्याचे कागद वकिलांचे म्हणून आम्ही लांबच ठेवत होतो, याचं आता वाईट वाटतं.

ज्यांनी वेळ दिला, त्यांच्याकडे परत जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माहिती घेतली, लेख लिहिला, संपलं. ते बरोबर नाही. अकरा घरांनी आम्हाला आपला दिवस दिला होता. आम्ही एका पानावर मोठ्या अक्षरात काय मोजलं, कसं मोजलं आणि काय दिसलं ते लिहिलं, कुणाचंही घर ओळखू येणार नाही याची काळजी घेऊन, आणि एका रविवारी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. आकडे ऐकवताना आवाज चढवायचा नाही, बोट दाखवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. एक गृहस्थ म्हणाले, दुचाकीवरून मुलांना नेणं-आणणं, बिलं भरणं, गॅस उचलणं हे माझं काम तुम्ही धरलं का? धरलं होतं, आणि त्यांना त्यांची मिनिटं वेगळी दाखवली. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्यामुळे पुढच्या तक्त्यात ‘बाहेरची घरकामं’ असा वेगळा रकाना आला. सभा संपल्यावर मूळ तक्ते सगळ्यांसमोर फाडून टाकले. आकड्यांचं एक पान तेवढं वहीत आहे.

त्या काकूही आल्या होत्या. त्यांनी अर्ज बदलून मागितला नाही, पण आता आमच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्याशेजारी ‘घरकाम’ हा पर्याय छापलेला आहे. समितीने पुढच्या छपाईत तो घेतला.

आमची पुढची फेरी वैशाखात आहे. तेव्हा गल्लीत पाणी दोन दिवसांआड येतं आणि तेही रात्री, वेळ ठरलेली नसते. त्याच अकरा घरांत तोच ४८ ओळींचा तक्ता, एकदा पाण्याच्या दिवशी आणि एकदा कोरड्या दिवशी, असे दोनदा भरायचे आहेत. रात्री दोनला हंडे भरायला कोण उठतं, ते पहाटे ४ला सुरू होणाऱ्या तक्त्यात अगदी शेवटच्या चार ओळींत येतं. थकलेला माणूस त्या ओळींपर्यंत पोचता पोचता ‘बाकी झोप’ असं सांगून मोकळा होतो, म्हणून या वेळी तक्ता खालून वर विचारत जायचं आम्ही ठरवलं आहे.